शब्दांच्या सीमा आणि लुडविग विट्गेन्स्टाइन

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने जमाखर्चाच्या वह्या बाजूला सारून एका तत्त्वज्ञाचे चरित्र का लिहावे, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. त्याचे कारण आमच्याच अभ्यासक्रमात आहे. अर्थशास्त्राच्या पुस्तकात केन्स भेटतो. आर्थिक विचारांच्या इतिहासात रिकार्डो भेटतो आणि रिकार्डोच्या समग्र ग्रंथांचा संपादक म्हणून पिएरो स्राफा भेटतो. केन्स आणि स्राफा या दोघांच्याही चरित्रांत एक तिसरे नाव पुन्हा पुन्हा डोकावते, ते म्हणजे लुडविग विट्गेन्स्टाइन. हा गृहस्थ अर्थशास्त्रज्ञ नव्हता. एका कोट्यधीश पोलाद-कारखानदाराचा हा धाकटा मुलगा. वारशाने आलेली सारी संपत्ती याने वाटून टाकली आणि आयुष्यभर एकाच प्रश्नाचा पिच्छा पुरवला. शब्दाला अर्थ असतो म्हणजे नेमके काय असते, आणि वाक्य खरे आहे असे आपण म्हणतो तेव्हा काय म्हणतो?

२६ एप्रिल १८८९ रोजी व्हिएन्ना येथे लुडविगचा जन्म झाला. वडील कार्ल हे ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यातले पोलाद-धंद्याचे मोठे धनी. पन्नाशीच्या सुमारास त्यांनी धंद्यातून अंग काढून घेतले आणि पुष्कळसा पैसा परदेशी रोख्यांत गुंतवला. त्यामुळे पहिल्या महायुद्धानंतर ऑस्ट्रियाच्या चलनाची माती झाली तरी या घराची तिजोरी शाबूत राहिली. (त्यांच्या या दूरदृष्टीबद्दल मला आदर वाटतो, हे लपवत नाही.) घरी ब्राम्ससारख्या संगीतकाराची ऊठबस असे. पण त्या वाड्यात दुःखही फार होते. पाच भावांपैकी तिघांनी आत्महत्या केली. चौथा पाउल हा पियानोवादक. युद्धात त्याचा उजवा हात गेला, तरी तो एकट्या डाव्या हाताने वाजवत राहिला आणि रावेलने खास त्याच्यासाठी डाव्या हाताची रचना लिहिली. पाचवा लुडविग. त्याच्याही मनात मरणाचे विचार वर्षानुवर्षे येत असत.

चौदाव्या वर्षापर्यंत त्याचे शिक्षण घरीच झाले. मग लिंट्स गावातली शाळा, बर्लिनची तांत्रिक संस्था आणि १९०८ साली इंग्लंडमधील मँचेस्टर. तिथे तो विमानशास्त्र शिकत होता. विमानाच्या पंख्याची एक नवी रचना त्याने केली आणि १९११ मध्ये तिचे पेटंटही मिळवले. पंख्याच्या आखणीला गणित लागते, गणित करता करता गणिताचा पाया कशावर उभा आहे हा प्रश्न पडला, आणि त्या प्रश्नाने त्याला जर्मनीतल्या येना गावी प्राध्यापक फ्रेगे यांच्या दारात नेऊन उभे केले.

फ्रेगेविषयी येथे थोडे सांगणे भाग आहे, कारण पुढचे सारे भांडण त्याच्याशीच आहे. आधुनिक तर्कशास्त्राचा पाया घालणारा हा माणूस. त्याचा आग्रह असा की प्रत्येक संकल्पनेला काटेकोर सीमा हवी. जगातली कोणतीही वस्तू उचला. ती त्या संकल्पनेत बसते की नाही, याचे उत्तर होय किंवा नाही असेच आले पाहिजे, मधले काही चालणार नाही. ज्या प्रदेशाची हद्द आखलेली नाही त्याला तो प्रदेश म्हणायलाच तयार नव्हता. हे वाचताना आम्हा सीमाभागातल्या मुलांना जरा गंमत वाटते. १९५६ साली बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले, नकाशावर रेघ पक्की झाली. परंतु शनिवारच्या बाजारात मराठी कुठे संपते आणि कानडी कुठे सुरू होते, ही रेघ कोणत्या सर्व्हेअरला दाखवता येईल? एकाच वाक्यात कर्ता मराठी आणि क्रियापद कानडी असते, आणि भाजी मात्र बिनतक्रार विकली जाते.

तरी फ्रेगेचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. खळ्यावर जोंधळ्याची रास आहे. तिच्यातला एक दाणा काढला तर रास ती रासच राहते, हे कोणीही मान्य करील. आणखी एक काढा, तरीही रासच. असे करत गेलो तर शेवटी एक दाणा उरला तरी त्याला रासच म्हणावे लागेल, कारण एका दाण्याने रासपण जात नाही असे आपणच कबूल करून बसलो आहोत. प्राचीन ग्रीकांनाही हा पेच ठाऊक होता. प्रत्येक पायरी खरी आणि शेवट मात्र उघड खोटा! म्हणून फ्रेगेने ठरवले की असले धूसर शब्द शास्त्राच्या दाराबाहेर ठेवायचे.

फ्रेगेने तरुण लुडविगला केंब्रिजला बर्ट्रांड रसेलकडे जाण्याचा सल्ला दिला. १९११ च्या ऑक्टोबरात तो तेथे गेला आणि वर्ष-दीड वर्षात अशी स्थिती झाली की गुरूच शिष्याच्या टीकेने हादरू लागला. पण केंब्रिजची गप्पाष्टके त्याला मानवेनात. नॉर्वेतल्या एका फ्योर्डच्या काठी जाऊन तो एकटाच तर्कशास्त्र लिहीत बसला. १९१४ मध्ये युद्ध पेटले आणि तो ऑस्ट्रियाच्या सैन्यात स्वेच्छेने भरती झाला. आघाडीवर धोक्याची जागा मागून घेतली, शौर्यपदके मिळवली, आणि पाठीवरच्या पिशवीत वह्या बाळगल्या.

त्या वह्यांतील मुख्य कल्पना त्याला एका मासिकातील बातमीवरून सुचली. पॅरिसच्या न्यायालयात मोटार-अपघाताचा खटला चालला असता छोट्या मोटारी आणि बाहुल्या टेबलावर मांडून अपघात दाखवला गेला होता. वाक्यही तसेच असते, असे त्याला वाटले. शब्द त्या बाहुल्यांसारखे वस्तूंच्या जागी उभे राहतात आणि त्यांच्या मांडणीतून एक संभाव्य प्रसंग दिसतो. प्रसंग तसाच घडला असेल तर वाक्य खरे, नसेल तर खोटे. मात्र खरे की खोटे हे कळण्यापूर्वी वाक्याला अर्थ असावा लागतो आणि अर्थ असायचा तर तो ठाम असावा लागतो. रोजच्या बोलण्यातले वाक्य वरून कितीही ढिले दिसले तरी त्याच्या अर्थाला आत कुठेतरी तीक्ष्ण कड असलीच पाहिजे, अशी त्याची तेव्हा श्रद्धा होती. तर्कशास्त्राच्या पुस्तकांतून आज सर्रास आढळणारी सत्यता-कोष्टके रूढ करण्यातही या ग्रंथाचा मोठा वाटा आहे. नीती, ईश्वर, सौंदर्य यांना त्याने सांगण्याच्या कक्षेबाहेर ठेवले. ती क्षुद्र म्हणून नव्हे, तर वाक्याच्या चिमटीत मावण्यापेक्षा मोठी म्हणून.

१९१८ च्या उन्हाळ्यात ग्रंथ पुरा झाला आणि नोव्हेंबरात लेखक इटलीत युद्धकैदी झाला. छावणीतून हस्तलिखित रसेलपर्यंत पोचले त्यात केन्सची मदत झाली. एक प्रत फ्रेगेकडेही गेली. ज्याने स्पष्टतेचा मंत्र दिला तो फ्रेगे पहिल्याच पानावर अडला आणि शब्दांचे अर्थ विचारत बसला! विट्गेन्स्टाइनला त्याचे फार वाईट वाटले. पुढे १९२१ मध्ये एका जर्मन नियतकालिकात आणि १९२२ मध्ये लंडनला इंग्रजी अनुवादासह तो ग्रंथ निघाला. त्याचे नाव ट्रॅक्टेटस. जेमतेम ऐंशी पानांचा मजकूर. पण सारे प्रश्न आपण सोडवले आहेत अशी लेखकाची खात्री होती.

खात्री झाल्यावर तो काय करतो? १९१९ मध्ये घरी परतल्यावर तो नोटरीकडे गेला आणि आपल्या वाट्याची सगळी मालमत्ता हर्मिने आणि हेलेने या दोन बहिणी व पाउल यांच्या नावे करून मोकळा झाला. एक पैसाही मागाहून परत येण्याची वाट राहू नये, अशी त्याची अट होती. गरिबांना का दिली नाही, असे वाचकांप्रमाणे मीही विचारले. तो समजत होता की पैसा माणसाला बिघडवतो, आणि भावंडे आधीच इतकी श्रीमंत आहेत की त्यांना आणखी बिघडण्याची भीती नाही. आमच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात हा व्यवहार बसत नाही.

मग तो खेड्यातल्या प्राथमिक शाळेत मास्तर झाला. १९२० ते १९२६ ही सहा वर्षे ट्राटेनबाख, पुखबेर्ग, ओटरटाल अशा डोंगराळ गावांत गेली. मुलांना तो वाफेच्या इंजिनाची रचना समजावी, मांजराचा सांगाडा जोडून दाखवी. शुद्धलेखनासाठी त्यांना परवडेल असा कोश मिळेना, म्हणून त्याने स्वतःच एक लहान शब्दकोश केला आणि तो १९२६ मध्ये व्हिएन्नात छापून निघाला. गावच्या बोलीतल्या शब्दांनाही त्यात जागा होती. त्याच्या हयातीत छापली गेलेली पुस्तके दोनच, ट्रॅक्टेटस आणि हा शाळकरी कोश. मला दुसऱ्याचे महत्त्व कमी वाटत नाही. शब्द विश्वाचा आरसा आहे असे सांगणारा माणूस या कोशासाठी पहिल्यांदा पोरांच्या तोंडचे शब्द गोळा करीत बसला. मराठी माध्यमातून येऊन कॉलेजात इंग्रजी पुस्तकांशी झुंजणाऱ्याला अशा छोट्या कोशाची किंमत विचारा.

पण हाच मास्तर मुलांना मारत असे. बीजगणित न येणाऱ्या मुलींनाही त्याने मारले. १९२६ च्या एप्रिलात ओटरटालला त्याच्या माराने एक आजारी मुलगा वर्गात कोसळला. प्रकरण चौकशीवर गेले आणि त्याने नोकरी सोडली. प्रतिभावंतांच्या चरित्रात असल्या गोष्टी एका ओळीत गुंडाळण्याची पद्धत आहे. ती मला मान्य नाही. अपुरेपणा त्याला स्वतःतही सहन होत नसे आणि दहा वर्षांच्या पोरातही.

त्यानंतर काही काळ त्याने मठात माळीकाम केले आणि मग बहीण मार्गारेटे हिचे व्हिएन्नातील घर बांधण्यात दोन वर्षे घालवली. दाराच्या मुठी, खिडक्यांच्या कड्या, खोल्या तापवणारी यंत्रे, सारे मिलिमीटरच्या हिशेबाने त्याने करवून घेतले. घर पुरे होत आले तेव्हा एका दालनाचे छत तीन सेंटिमीटर वर घ्यायला लावले. याच काळात व्हिएन्नातील श्लिक यांच्या मंडळातले तत्त्वज्ञ त्याला भेटू लागले. ट्रॅक्टेटस त्यांना विज्ञानाची सनद वाटत होती. आपल्या सनदेचा कर्ता कधीकधी त्यांच्याकडे पाठ करून रवींद्रनाथ ठाकुरांच्या कविता वाचू लागे, तेव्हा त्या विज्ञानवाद्यांचे चेहरे कसे झाले असतील याची कल्पना करावी.

१९२९ च्या जानेवारीत तो केंब्रिजला परतला. ट्रॅक्टेटसच प्रबंध म्हणून दाखल केला, रसेल व मूर परीक्षक झाले आणि पदवी मिळाली. पण त्या ग्रंथाला तडे जात होते. फ्रँक रॅम्से या तरुण गणितज्ञाने त्यातल्या फटी दाखवल्या होत्या. तो १९३० मध्ये सव्विसाव्या वर्षी वारला. मोठा हातोडा घातला तो आमच्या स्राफाने. हा इटालियन अर्थशास्त्रज्ञ केन्सच्या बोलावण्यावरून १९२७ मध्ये केंब्रिजला आला होता. गोष्ट प्रसिद्ध आहे. वाक्य आणि ते ज्याचे चित्र आहे तो प्रसंग यांची तार्किक घडण एकच असते, असे विट्गेन्स्टाइन ठासून सांगत होता. स्राफाने बोटांची टोके हनुवटीखालून बाहेरच्या बाजूला फिरवली. नेपल्सकडे हा तुच्छतेचा इशारा समजला जातो. मग त्याने विचारले की याची तार्किक घडण कोणती, ते सांग.

यावर हसून पुढे जाता येईल, पण थांबून पाहावे. जनावरांच्या बाजारात दलाल आणि गिऱ्हाईक रुमालाखाली एकमेकांची बोटे दाबून भाव ठरवतात. लहानपणी आजोबांबरोबर मी हे पाहिले आहे. तोंडातून शब्द निघत नाही, कशाचेही चित्र रंगवले जात नाही, तरी हजारांचा सौदा पुरा होतो आणि दोन्ही पक्ष तो पाळतात. त्या दाबण्याला अर्थ कुठून आला? बाजाराच्या रिवाजातून, त्या रिवाजात वाढलेल्या माणसांकडून. विट्गेन्स्टाइनच्या पुढच्या वीस वर्षांच्या विचाराचे मूळ येथे आहे. शब्दाचा अर्थ शोधायचा तर शब्दामागे लपलेली वस्तू शोधत बसू नका, तो शब्द माणसे कशी वापरतात ते पाहा. स्राफाशी दर आठवड्याला होणाऱ्या चर्चेचे ऋण त्याने नंतर प्रस्तावनेत मोकळेपणी मान्य केले. गंमत अशी की स्राफाला त्या चर्चांचे फारसे अप्रूप नव्हते. १९४६ मध्ये त्याने त्या बंदच केल्या. अमर्त्य सेन हे केंब्रिजला स्राफाचे विद्यार्थी होते आणि या दोघांवर त्यांनी लिहिलेही आहे.

आता धूसरतेकडे वळू. खेळ हा शब्द त्याने उदाहरणासाठी घेतला. आपल्याकडचे पाहा. कबड्डीत दोन संघ आहेत, विटीदांडूत लाकूड आहे, पत्त्यांत नशीब आहे, आणि भिंतीवर एकटाच चेंडू आपटणाऱ्या पोराला ना संघ ना हारजीत. सगळ्यांत सारखे असे एक काही सापडत नाही. एकाच घराण्यातल्या माणसांत कोणाचे नाक कोणासारखे, कोणाची चाल कोणासारखी असावी, तसे हे कुळाचे साम्य असते. शब्दाला आखीव सीमा नाही आणि तरीही तो निकामी होत नाही. फ्रेगेच्या त्या हद्द नसलेल्या प्रदेशाला त्याने येथे उत्तर दिले. कोणाला तिथे जवळपास उभे राहा असे सांगितले तर तो बरोबर उभा राहतो. खडूने रेघ आखून दिली असती तर बहुधा गैरसोयच झाली असती. हवी तेव्हा, हव्या त्या कामापुरती रेघ आखावी. कानडीत आमच्याकडे उठता-बसता स्वल्प म्हणतात, मराठीत जरा म्हणतात. चहात साखर स्वल्प म्हटले तर हॉटेलवाला किती दाणे म्हणून विचारत नाही.

सत्याविषयीही त्याचा स्वर उतरला. पाऊस पडतो आहे हे खरे आहे, असे म्हणण्यात पाऊस पडतो आहे याहून जास्त काही सांगितले जात नाही. खरेपणा हा वाक्याला चिकटवलेला निराळा गुण नव्हे.

हिशेबतपासणीच्या तासाला मला हे पटले. इंग्लंडमध्ये ताळेबंद सत्य आणि अचूक असल्याचा दाखला हिशेबतपासनीस देत असे. १९४८ च्या कंपनी कायद्यापासून तेथे सत्य आणि वाजवी असे शब्द आले आणि आपल्याकडे १९५६ च्या कायद्याने तेच घेतले. घसारा किती, बुडीत येणे किती, हे अंदाजाचे आकडे. त्यांत पैशापर्यंतची अचूकता सांगणे हीच लबाडी ठरली असती. वाजवी हा शब्द धूसर आहे, आणि तेथे तोच प्रामाणिक आहे. या कायद्याशी विट्गेन्स्टाइनचा काही संबंध नाही. माझ्या मनात मात्र तो जुळला.

याचा अर्थ सर्व शब्द ढिलेच बरे, असा कोणी घेऊ नये. १९३९ मध्ये तो मूरच्या जागी प्राध्यापक झाला, पण दुसऱ्या महायुद्धात केंब्रिजमध्ये बसून राहणे त्याला लाजिरवाणे वाटले. १९४१ मध्ये तो लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलात औषधे पोचवणारा हमाल म्हणून लागला आणि मग मलमे तयार करू लागला. तेथील काही डॉक्टर बाँबहल्ल्यातल्या जखमींचा अभ्यास करीत होते. त्यांना आढळले की शॉक या शब्दाखाली प्रत्येक डॉक्टर वेगळेच काही पाहतो. एकाच्या मते रोगी शॉकमध्ये असतो, दुसऱ्याच्या मते नसतो. मग उपचारांची तुलना करणार कशी? तो शब्द टाकून द्यावा आणि प्रत्यक्ष मोजमापे नोंदवावीत, असे त्यांचे मत झाले. विट्गेन्स्टाइन या गोष्टीवर इतका खूश झाला की अहवालात शॉक हा शब्द उलटा छापावा, असे त्याने सुचवले. पुढे हे संशोधन न्यूकॅसलला हलले तेव्हा तोही तेथे गेला आणि नाडीच्या नोंदीसाठी त्याने एक उपकरण तयार केले. जवळपास उभे राहा यात धूसरता कामाची होती. येथे तीच माणसांच्या जिवावर उठत होती. कोणत्या कामासाठी किती काटेकोर, हे ते काम ठरवते.

शब्दांना एवढी मोकळीक देणाऱ्या या माणसाने स्वतःला मात्र कधी मोकळीक दिली नाही. १९३६-३७ मध्ये त्याने मित्रांना एकेकटे गाठून आपल्या आयुष्यातील अप्रामाणिकपणाचे प्रसंग ऐकवले. ओटरटालला परत जाऊन, मारलेल्या मुलांची दारे ठोठावून माफी मागितली. काहींनी ती उदारपणे दिली. एका मुलीने नुसता हुंकार दिला. वर्गात तो टिपणांशिवाय बोले, अडला की मिनिटेच्या मिनिटे गप्प बसे आणि स्वतःवर चिडे. १९३९ च्या वर्गात ॲलन ट्यूरिंग बसत असे आणि गणितातल्या विसंगतीवरून दोघांची जुंपे. आवडत्या विद्यार्थ्यांना तो तत्त्वज्ञान सोडून हाताचे काम करा असे सांगे. हा सल्ला सर्वांना मानवला असे नाही. ट्रॅक्टेटसची तीक्ष्ण कड तत्त्वज्ञानातून गेली, पण त्याच्या स्वभावातून गेली नाही, असे मला वाटते.

१९४७ मध्ये त्याने प्राध्यापकपद सोडले आणि आयर्लंडच्या किनाऱ्यावर एका झोपडीत राहून लिहू लागला. १९४९ मध्ये अमेरिकेतल्या शिष्याकडे काही महिने काढले. परतल्यावर कर्करोगाचे निदान झाले. आपल्याला इस्पितळात मरण येऊ नये अशी त्याची इच्छा होती. केंब्रिजच्या डॉक्टर बेव्हन यांनी त्याला स्वतःच्या घरी ठेवून घेतले. तेथे शेवटच्या दोन महिन्यांत त्याने खात्री या विषयावरची अर्ध्याहून अधिक टिपणे लिहिली. आपल्याला हात आहेत, हे आपल्याला माहीत आहे असे मूर म्हणत असे. विट्गेन्स्टाइनचा विचार असा की काही गोष्टी आपण सिद्ध करून मानलेल्या नसतात. दार फिरायचे तर बिजागऱ्या जागच्या जागी राहाव्या लागतात, तशा त्या आपल्या सगळ्या शंकांच्या तळाशी स्थिर असतात. शेवटचे टिपण २७ एप्रिल १९५१ चे आहे. त्यानंतर त्याची शुद्ध हरपली आणि २९ एप्रिलला, बासष्टावा वाढदिवस होऊन तीन दिवसांनी, तो वारला.

फिलॉसॉफिकल इन्व्हेस्टिगेशन्स हा त्याचा दुसरा मोठा ग्रंथ मागाहून, १९५३ मध्ये निघाला. वर्षानुवर्षे इंग्रजीत शिकवूनही तो लिहीत राहिला जर्मनमध्ये. एलिझाबेथ ॲन्सकोम या त्याच्या विद्यार्थिनीने अनुवाद केला, आणि १९२२ च्या ट्रॅक्टेटसप्रमाणे हेही पुस्तक डाव्या पानावर जर्मन व उजव्या पानावर इंग्रजी असे समोरासमोर छापले गेले.